बाणेरच्या पार्किंगमधला कोनिंग्सडाख

कालवेकरीण | २८ एप्रिल २०२४, सकाळी ७.४०

काल आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये नेदरलँड्सच्या राजाचा वाढदिवस साजरा झाला. राजाला कल्पना नाही. सेक्रेटरीकाकांनाही नव्हती, आणि सगळं रामायण तिथूनच सुरू झालं.

थोडी पार्श्वभूमी. नऊ वर्षं आम्स्टेलफेनला काढून गेल्या जुलैत आम्ही पुण्याला परत आलो. लेक तिकडेच जन्मलेली, आता साडेआठ वर्षांची. आम्ही दोघं 'परत आलो', पण ती कुठे परत आली? ती तर पहिल्यांदाच परदेशी राहायला आली. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात शिरायला डिसेंबर उजाडला. तिकडे सिंटरक्लासच्या, म्हणजे मुलांना भेटी देणाऱ्या संताच्या दिवसांत मुलं रात्री बूट मांडून ठेवतात आणि त्याच्या घोड्यासाठी बुटात गाजर ठेवतात. हिनेही ठेवलं. सकाळी मावशी आल्या, त्यांनी गाजर धुऊन फ्रिजमध्ये टाकलं आणि बूट स्टँडवर लावला. त्यांचं काय चुकलं? पण लेक दाराशी बसून राहिली. म्हणाली, "इख हेब हाइमवे." हाइमवे म्हणजे घरची ओढ, घर आठवून पोटात पडणारा खड्डा. मी म्हणून गेले, "अगं, घरीच तर आहोत आपण." म्हटलं आणि जीभ चावली.

त्यामुळे मार्च संपताना तिने "कोनिंग्सडाखला आपण काय करायचं?" असं विचारलं, तेव्हा "इथे नसतं ते" हे उत्तर द्यायचं नाही, असं आम्ही ठरवलं होतं.

माहीत नसणाऱ्यांसाठी: २७ एप्रिल हा राजा विलेम-अलेक्झांडरचा वाढदिवस, जन्म १९६७चा. तिकडे हा राष्ट्रीय सुट्टीचा दिवस. सगळा देश नारिंगी होतो, कारण राजघराणं ओरांये-नासाउ. ओरांये हे मुळात दक्षिण फ्रान्समधल्या एका संस्थानाचं नाव, फळाशी त्याचा थेट संबंध नाही. पण मुलांच्या लेखी हा राजाचा दिवस नसतोच, तो फ्रायमार्क्टचा दिवस. त्या दिवशी कुणीही रस्त्यावर चादर अंथरून घरातल्या जुन्या वस्तू विकू शकतो. परवाना नको, कर नको. पाच-सहा वर्षांची पोरं आपली खेळणी मांडून बसतात. कुणी व्हायोलिन घेऊन उभं राहतं आणि चार सूर बेसूर वाजवून टोपी पुढे करतं.

मी हा प्रकार पहिल्यांदा पाहिला तो २०१४ साली. आम्ही मार्चमध्ये तिथे पोचलो होतो. त्या वर्षी २७ला रविवार, म्हणून सण शनिवारी २६ला. सकाळी दूध आणायला बाहेर पडले तर रस्ताभर लोकांनी घरातलं सामान काढून मांडलेलं. दिवे, कपबश्या, बाळाच्या खुर्च्या, एका चादरीवर फक्त डावे-उजवे न जुळणारे स्केट्स. मला वाटलं गाव उठलं, कसलीतरी आपत्ती आली आणि लोक निघालेत. घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, "पासपोर्ट कुठे आहेत?" नंतर कळलं की राजा झाल्यावरचा त्याचा तो पहिलाच कोनिंग्सडाख, आणि राजा त्या दिवशी चक्क आमच्या आम्स्टेलफेनमध्येच आला होता. मी घरात पासपोर्ट शोधत होते.

तर काल.

शुक्रवारी रात्री लेकीने खडूने पार्किंगमधली एक जागा आखली आणि आत मोठ्या रोमन अक्षरांत 'बेझेट' लिहिलं, म्हणजे जागा अडवलेली आहे. तिकडे आधीपासून खडूने नाहीतर चिकटपट्टीने जागा धरतात, तीच रीत. दोन पिलरना नारिंगी पताका बांधल्या. सकाळी साडेआठला सेक्रेटरीकाकांचा फोन. "मॅडम, खाली भगव्या पताका तुम्ही लावल्यात? आचारसंहिता चालू आहे. १३ तारखेला मतदान आहे पुण्याचं."

मी म्हटलं, "काका, भगवा नाही तो, नारिंगी आहे."

काका खाली आले. पताकेचं टोक बोटांत धरून चष्म्याच्या वरून, खालून पाहिलं. "फरक काय?"

आता काय सांगणार! नवऱ्याने हॉलंडचा झेंडा, राजघराणं, सोळाव्या शतकातला विलेम असं सगळं सुरू केलं. काका म्हणाले, "म्हणजे पक्षच ना एका घराण्याचा?" शेवटी पताकांमध्ये पांढरे आणि निळे फुगे अडकवायच्या अटीवर परवानगी मिळाली. अकरापर्यंत त्यातले निम्मे उन्हाने फुटले होते.

टॉमपूसचं सांगते. हा तिथला केक, खरं तर खुसखुशीत पापुद्र्याच्या दोन पट्ट्या, मध्ये घट्ट पिवळं क्रीम आणि वर गुलाबी आयसिंग. या एका दिवशी आयसिंग नारिंगी. पापुद्रे कुठून आणायचे? आमच्याकडच्या बेकरीतली खारी! लांब खारी मधून अलगद उघडायची, कस्टर्ड भरायचं, वर पिठीसाखरेत संत्र्याचा रस आणि रंग. चवीला इतका जवळ आला की मीच दचकले, खारीचा खारटपणा सोडला तर. फक्त पुण्याचा एप्रिल. दहा मिनिटांत कस्टर्ड एका बाजूने आणि आयसिंग दुसऱ्या बाजूने निघालं. तिकडेही टॉमपूस नीट कसा खायचा यावर लोक वाद घालतात. इथे वाद झाला नाही, सगळ्यांनी चमचे मागवले.

विक्रीचं मात्र जड गेलं. लेकीने चादरीवर मांडलं होतं: तीन कोडी, पैकी एकात दोन तुकडे कमी आणि तसं प्रामाणिकपणे लिहिलेलं, रोलर स्केट्स, सशाची पुस्तकं, एक छत्री. पहिल्या तासात फक्त चौकशा. बी विंगमधल्या एक काकू मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "घरी सगळं ठीक आहे ना? मिस्टरांची नोकरी...?" दुसऱ्या म्हणाल्या, "जुनं द्यायचं असतं गं, विकायचं नसतं." तिसऱ्या आल्या त्यांनी वीस रुपयांची छत्री पाच रुपयांत मागितली, आणि लेकीने "नाही" म्हटल्यावर चार पावलं जाऊन मागे वळून पाहिलं, तुळशीबागेत पाहतात तसं. लेकीला तो डाव माहीत नव्हता. तिला वाटलं बाई गेल्या. ओठ थरथरायला लागले.

पुढचं नंतर लिहिते, कुकर झालाय. तुमच्यापैकी कुणी मुलांना असं दुसऱ्या देशातलं सणवार सांभाळून दिलंय का? किती दिवस टिकतं? आणि टिकावं का, हाही प्रश्न आहेच.

---

चिवडामास्तर | २८ एप्रिल, ८.१५

"भगवा नाही तो, नारिंगी आहे" हे वाचून चहा नाकात गेला. काकांचा "म्हणजे पक्षच ना" हा प्रश्न मात्र राज्यशास्त्राच्या पेपरात घालण्यासारखा आहे.

खारीच्या टॉमपूसचा फोटो हवा. पडलेल्याचा चालेल.

---

सायकलवाला_उत्रेख्त | २८ एप्रिल, १२.०५

इकडून वृत्तांत देतो. उत्रेख्तमध्ये बाजार आदल्या संध्याकाळी सहालाच भरतो आणि रात्रभर चालतो. त्यामुळे आम्ही शुक्रवारी रात्री अकराला तीन युरोला इडलीपात्र विकत घेतलं. विकणारी डच बाई सांगत होती की हे अंडी उकडायचं भांडं आहे. मी मान डोलावली, भाव वाढायला नको.

राजा यंदा एमेनला होता. टीव्हीवर थोडं पाहिलं. मुलगी शाळेच्या मैदानावर स्पायकरपूपन खेळून आली. शब्दशः अर्थ सभ्य माणसाने सांगू नये, पण कमरेला मागे दोरीने खिळा बांधायचा आणि हात न लावता, उकिडवं बसत बसत तो बाटलीच्या तोंडात सोडायचा. कालवेकरीण, हे ठेवायला हवं होतंत. सेक्रेटरीकाका चॅम्पियन झाले असते.

हाइमवेबद्दल. माझी कथा उलटी. इथे बारा वर्षं झाली, दर गणपतीला पोटात खड्डा पडतो. मंडळाचा गणपती असतो, ढोल असतो, मोदक असतात, तरी पडतो. पण दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये लग्नासाठी नाशिकला होतो आणि २७ तारखेला सकाळी मला काहीतरी राहिलंय, काहीतरी राहिलंय असं होत होतं. दुपारी लक्षात आलं. बायकोला सांगितलं नाही. ती हसली असती.

---

निखारा | २८ एप्रिल, १३.३०

रसभंग करतो, माफ करा. लोकशाही देशातल्या मुलीला आपण राजाचा वाढदिवस साजरा करायला शिकवतो आहोत. तेही कोणत्या राजघराण्याचा? ज्यांच्या देशाने इंडोनेशिया पिळून काढला, सुरिनाममध्ये माणसं विकली आणि गुलामगिरी संपल्यावर मळ्यांवर राबायला कलकत्त्याहून आपल्याच लोकांना करारावर नेलं. पहिलं जहाज १८७३चं. फुग्यांच्या मागे हेही असू द्या.

---

सायकलवाला_उत्रेख्त | २८ एप्रिल, १४.१०

निखारा, मुद्दा रास्त आहे आणि इथेही तो मांडला जातो. गेल्या वर्षी १ जुलैला आम्स्टरडॅममध्ये राजाने स्वतः गुलामगिरीबद्दल माफी मागितली. २०२०मध्ये इंडोनेशियाला गेला तेव्हा तिथल्या हिंसेबद्दलही. त्याने हिशेब मिटतो असं कुणी म्हणत नाही. राजेशाही नको म्हणणारे माझ्या ऑफिसातच चार आहेत. चौघंही काल नारिंगी टोप्या घालून बिअर पीत होते.

कलकत्त्याहून गेलेल्यांचं म्हणाल, तर त्यांची नातवंडं-पणतवंडं आज मोठ्या संख्येने हेगमध्ये राहतात. माझा केस कापणारा त्यांच्यातलाच. त्याला विचारलं, तुला घर म्हणजे काय आठवतं? म्हणाला, पारामारिबो, म्हणजे सुरिनामची राजधानी. मग थोडं थांबून, आजीला मात्र बिहार आठवायचा, तिने तो कधी पाहिलाच नव्हता.

---

वेंगुर्लेकर_भाऊ | २८ एप्रिल, १५.४५

आमच्या गावाचं नाव कुणी काढत नाही म्हणून मीच काढतो. डच आणि महाराष्ट्र म्हटलं की वेंगुर्ला. १६३७ साली त्यांनी इथे वखार घातली. गोव्याच्या पोर्तुगीजांवर नजर ठेवायला आणि मिरी-बिरी न्यायला. भिंती अजून उभ्या आहेत, वर झाडं उगवलीत, छप्पर गेलं. लहानपणी आम्ही तिथे लपाछपी खेळायचो आणि आजी ओरडायची की डचांचं भूत धरील.

आता हा धागा वाचून वाटलं, त्या भिंतींच्या आत कुणी विशीतला पोरगा एप्रिलच्या घामात बसून घरची आठवण काढत असेल. पत्र जायला-यायला वर्ष-दीड वर्ष. त्याला कोण खारीचा केक करून देणार? भूत झालाच असेल तर त्याचं काय चुकलं.

---

ओटावाची_आत्या | २८ एप्रिल, १९.२०

इतक्या दिवसांनी लिहायला बसले आहे, लांबलं तर सांभाळून घ्या.

आमच्या शेजारी एक डच आजी राहतात. वय ऐंशीच्या पुढे. दुसऱ्या महायुद्धानंतर हॉलंडमधून हजारो कुटुंबं कॅनडाला आली, त्यांतलं त्यांचं एक. १९५३ साली बोटीने हॅलिफॅक्सला उतरल्या, तेव्हा त्या दहा वर्षांच्या होत्या. म्हणजे कालवेकरणीच्या लेकीपेक्षा थोड्याच मोठ्या.

या आजी राणीचा दिवस ३० एप्रिललाच करतात. २७ला नाही. दोन वर्षांपूर्वी मी उत्साहाने २७ला फुलं घेऊन गेले तर त्यांनी फुलं घेतली, आभार मानले आणि म्हणाल्या, "अजून तीन दिवस आहेत." मला वाटलं वयोमानाने तारीख विसरल्या. तसं नव्हतं. त्या लहान असताना राणी होती युलियाना, तिचा वाढदिवस ३० एप्रिल. तिची मुलगी बेआट्रिक्स १९८०मध्ये राणी झाली. तिचा स्वतःचा वाढदिवस ३१ जानेवारीचा, त्या थंडीत रस्त्यावर कोण येणार? म्हणून तिने आईचीच तारीख ठेवली. २०१४पासून २७ झाली. पण आजी बोटीत चढल्या तेव्हा तारीख ३० होती. मग ती ३०च. तिकडच्यांनी काय वाट्टेल ते करावं.

त्या दिवशी सकाळी त्या झेंडा लावतात. लाल-पांढरा-निळा, आणि त्याच्या वरून सोडलेली लांब नारिंगी पट्टी. ती पट्टी फक्त राजघराण्यातल्या वाढदिवसांना लावायची असते. मूळ पट्टी आईने बोटीतून आणलेली, आता विटून जर्दाळूच्या रंगाची झाली आहे. नवी घ्या म्हटलं तर म्हणतात, नवी फार भडक असते.

त्यांची बहिणीची नात हॉलंडहून आली होती. ती मला हसत सांगत होती, आजींचं डच ऐकून आम्हाला पणजी बोलतेय असं वाटतं, हे शब्द आता कुणी वापरत नाही. आजींनी ते ऐकलं. काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "मी दरवेळी तिकडे जाते तेव्हा लोक माझ्याशी इंग्रजीत बोलतात."

ओटावा आणि डचांचं नातं तसं जुनं आहे. युद्धात युलियाना इथेच आसऱ्याला होती. तिची तिसरी मुलगी मारख्रीत १९४३च्या जानेवारीत इथल्या हॉस्पिटलात जन्मली, आणि ती जन्माने फक्त डच ठरावी म्हणून कॅनडा सरकारने बाळंतिणीची खोली तेवढ्यापुरती कॅनडाच्या हद्दीबाहेरची मानली. त्या उपकाराची आठवण म्हणून अजून दरवर्षी ट्यूलिपचे कंद येतात, मे महिन्यात सगळं शहर फुलतं. आजींना ती गर्दी आवडत नाही. त्या स्वतःच्या अंगणात सात लावतात. मोजून सात. भावंडं सात होती.

परवा ३० तारीख आहे. मी खारीचा प्रयोग करून नेते. इथल्या भारतीय दुकानात खारी मिळते.

---

तंजावरचा_डबा | २८ एप्रिल, २०.०५

आत्या, "हे शब्द आता कुणी वापरत नाही" वाचून आमचं घर आठवलं. आम्ही तंजावरचे. पुण्यात कॉलेजला आलो तेव्हा माझं मराठी ऐकून वर्गातली मुलं हसायची, कुणी विचारायचं "तू नाटकात आहेस का?" व्यंकोजीराजांबरोबर गेलेली मराठी, साडेतीनशे वर्षं तमिळच्या शेजारात राहिलेली. मला वाटायचं मी घरी आलोय. ते विचारायचे, कुठला रे तू?

आजींना माझा नमस्कार सांगा.

---

निखारा | २८ एप्रिल, २०.४०

आत्या, प्रतिसाद पोचला. माझा मुद्दा मागे घेत नाही, पण सात ट्यूलिपांशी भांडण नाही.

---

दोन_घरची | २८ एप्रिल, २१.१०

मूळ प्रश्नाबद्दल, अनुभवावरून. आम्ही आइंडहोवनहून २०१८ला परतलो तेव्हा मुलगा सात वर्षांचा. पहिल्या वर्षी सगळं केलं. दुसऱ्या वर्षी त्यानेच "मित्र हसतात" म्हणून नको म्हटलं. डच बोलणंही वर्षभरात गेलं, फार वेगाने जातं हो. आम्ही आठवड्यातून एकदा तिथल्या मित्राशी बोलणं चालू ठेवायला हवं होतं, आळस केला. आता तेरा वर्षांचा आहे. परवा ब्रेडवर चॉकलेटच्या शेवया पसरून खात होता, तिकडे न्याहारीला खातात तशा. मी विचारलं, हे तुला आठवतं? म्हणाला, काय? हे सगळेच खातात ना?

त्यामुळे किती दिवस टिकतं ते मला सांगता येणार नाही. पण भाषा धरून ठेवा.

---

कालवेकरीण | २९ एप्रिल, सकाळी ६.५५

सगळ्यांचे आभार. आत्या, रात्री नवऱ्याला वाचून दाखवला तुमचा प्रतिसाद. "अजून तीन दिवस आहेत" या वाक्याला दोघंही थांबलो.

राहिलेली गोष्ट सांगते. छत्रीवाल्या काकू गेल्या, लेक रडवेली झाली, तेवढ्यात नवऱ्याने शूलबाक खाली आणला. हा दोन मीटर लांब लाकडी खेळ. कंटेनरमधून आणताना मी त्यावरून बरीच कटकट केली होती, आता मागे घेते. एका टोकाला चार कप्पे, त्यांवर २, ३, ४, १ असे गुण. दुसऱ्या टोकावरून लाकडी चकत्या घसरवायच्या, एकूण तीस. चारही कप्प्यांत एकेक गेली की त्या संचाचे थेट वीस गुण. कट्ट्यावर बसणारे ज्येष्ठ नागरिक कुतूहलाने आले. एका आजोबांनी चकती हातात घेऊन वजन बघितलं, लाकडावर बोट फिरवलं आणि म्हणाले, "बोरिक पावडर आहे का?"

झालं. कॅरम खेळलेली पिढी ती. पंधरा मिनिटांत सहा आजोबा, दोन पॅनेल आणि एक तक्रार. चारच्या कप्प्यात सगळ्या घालण्यापेक्षा संच करणं फायद्याचं, हे गणित लेकीने त्यांना मराठीत समजावलं, अधूनमधून डच शब्द घुसवत. ते "हं, हं" करत होते. आजोबा आले म्हणून आज्या आल्या, आज्या आल्या म्हणून विक्री झाली. सेक्रेटरीकाकांनी दोन तुकडे कमी असलेलं कोडं घेतलं, पूर्ण किमतीला, घासाघीस न करता. कुठले दोन कमी आहेत ते शोधू म्हणाले.

रात्री आम्स्टेलफेनच्या मैत्रिणीशी व्हिडिओवर बोलणं झालं. तिची कमाई चौदा युरो. आमची एकशे पंच्याऐंशी रुपये. लेकीने कागदावर भागाकार केला, दोन युरो आले आणि चेहरा पडला. मग मैत्रीण म्हणाली, "पण तू चड्डी-बनियनवर विकलंस? इथे मला जॅकेटमध्ये बसावं लागलं." ते मात्र जिंकल्यासारखं वाटलं तिला.

दोन_घरची, भाषेचं ऐकते. दर रविवारी फोन ठरवलाय.

निखारा, तुमचं म्हणणं मीही टाळणार नाही. ती थोडी मोठी झाली की सुरिनाम आणि जावा तिच्यासमोर ठेवायचंच आहे. परवा फक्त चादर होती.

---

चिवडामास्तर | २९ एप्रिल, ७.३०

फोटो अजून आलेला नाही, हे नम्रपणे नोंदवतो.

---

कालवेकरीण | १ मे, रात्री ९.१५

फोटो नाहीत हो, हात चिकट होते.

एक गंमत. खडूचं 'बेझेट' अजून पुसलेलं नाही, झाडणाऱ्या मावशींनी वाचता येईना म्हणून हात लावला नाही. ती जागा एरवी सोसायटीतली सगळ्यात भांडणाची, लिफ्टच्या समोरची. शनिवारपासून तिथे एकही गाडी लागलेली नाही. आज खाली वॉचमनला विचारलं तर म्हणाला, "मॅडम, कुणीतरी मोठ्या माणसाने बुक केलीय म्हणतात, फॉरेनचा आहे."